एकतीस नावं आणि एक मूठ

धुळे, ८ नोव्हेंबर २०२४

चि. चारू,

(चि.च्या पुढे काही लिहायचं का, यावर माझी माझ्याशीच वाटाघाट चालू आहे. तूर्त एवढ्यावर भागव.)

सर्वप्रथम आमच्या पोस्टातल्या डिंकाच्या बाटलीबद्दल मी माझी तीव्र नापसंती नोंदवतो. ही बाटली काउंटरच्या गजाला साखळीने बांधलेली आहे. साखळी मजबूत. बाटली शाबूत. आत बुडवायची काडीसुद्धा जागेवर. डिंक मात्र, माझ्या आठवणीप्रमाणे, माझी कॉलेजातली नोकरी कायम झाली त्या सुमारास संपला. तेव्हापासून ही साखळी नेमकी कशाची राखण करते आहे, असं मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "सर, तुम्ही पेपरात लिहिता ना? मग डिंक तुमच्या घरीच असेल." घरीही नाही. तेव्हा हे पाकीट तुला स्टेपल मारलेलं मिळेल. उघडताना बोटाला टोचलं तर निषेधाचा खलिता थेट पोस्टखात्याला धाडावा. शिवाय माझं पेनही गळतं. जुनं आहे. डाग दिसतील तिकडे दुर्लक्ष कर.

एवढ्या डिंकपुराणाची वेळ आली कारण तू मला फोनवर ब्लॉक केलं आहेस. त्याबद्दल तक्रार नाही. दिवाळीच्या सदरात मी लिहिलंच तसं होतं, की आमची एक भगिनी न्यूयॉर्कात देशाची प्रतिनिधी म्हणून बसते आणि जगभरच्या निर्वासितांसाठी वर्षाकाठी दोन स्वल्पविराम इकडचे तिकडे करते. लोक हसले. देवपुरात दोघांनी स्कूटर थांबवून टाळी दिली. तू ब्लॉक केलंस. त्याआधीची पंधरा वर्षंही आपण काही रोज गप्पा मारत नव्हतो, म्हणून फरक जाणवायला मला आठवडा लागला.

आता निरोप. निरोप मायचा आहे, मी फक्त टपालवाला.

भाऊबिजेला पिंपळनेरला गेलो होतो. माय ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. म्हणाली, "मना हात कापस आते. येती कानबाईले मूठ भरसू, त्यानंतर भराई का नहीं, माले माहीत नहीं. तू यादीम्हा चारूनं नाव ले. नाव लिधं त मी भरसू."

मी म्हटलं, "माय, नाव घेणं एकट्या माझ्या हातात नाही."

ती म्हणाली, "यादी तुना हातम्हा शे ना?" आणि शेंगा फोडू लागली.

मोहिनीला हे पत्र वाचून दाखवशील अशी एक आशा आहे, म्हणून तिच्यासाठी सांगतो. मोहिनी, श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आपल्याकडे कानबाई ही देवी बसते. त्याआधी घराण्यातल्या एकेका पुरुषाचं नाव पुकारायचं आणि त्या नावाने थोरल्या बाईने सव्वा मूठ गहू काढायचे. सगळे एकत्र दळायचे. त्या पिठाचा रोट. तो फक्त भाऊबंदांनी खायचा, बाहेर द्यायचा नाही, आणि पौर्णिमेच्या आत संपवायचा. बायका नवऱ्याच्या मुठीत येतात, पोरी बापाच्या मुठीत. सासर सोडून परत आलेली मुलगी कुणाच्याच मुठीत येत नाही. तुझी आई तुला दीड वर्षाची घेऊन परत आली, त्या श्रावणात मायने गव्हात हात घालून वाट पाहिली आणि नाव आलं नाही. नानांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, वगळलं. तुझी आई सोमवारी सकाळच्या बसने गेली ती गेली.

चारू, नाना गेले त्याला साडेतीन वर्षं झाली. आता वगळणारं कुणी नाही असं मायला वाटतं. कळव.

— भाऊ


धुळे, २९ नोव्हेंबर २०२४

चि. चारू,

तुझं उत्तर बारा ओळींचं. त्यातल्या नऊ ओळी पॅलेस्टिनी निर्वासितांवर, दोन न्यूयॉर्कच्या थंडीवर, आणि एका ओळीत "मायला सांग, काम संपलं की लिहीन." आईपेक्षा महासभा मोठी, हे मी मायला जरा सौम्य करून सांगितलं.

पण त्या नऊ ओळी मी चार वेळा वाचल्या, हेही कबूल करतो. १९४८ चा तो ठराव: ज्या निर्वासितांना घरी परतून शेजाऱ्यांबरोबर शांततेने राहायचं आहे त्यांना लवकरात लवकर परतू द्यावं, ज्यांना परतायचं नसेल त्यांना भरपाई द्यावी. आणि दर वर्षीच्या नव्या ठरावात, हे अद्याप झालेलं नाही याची "खेदाने नोंद." पाऊणशे वर्षं खेद ताजा ठेवायचा म्हणजे बर्फाची लादी लागत असेल. आणि यंदा तुम्ही तीन दिवस बसलात ते त्या "खेदाने"वर! एक प्रतिनिधी म्हणे, शब्द फार मवाळ आहे, जोरकस करा. दुसरा म्हणे, जुन्या शब्दाला हात लावाल तर अख्खं कलम उघडं पडेल, मग जो तो आपला शब्द घुसवेल. तू म्हणे दोघांना वेगवेगळं कॉफीला नेलंस. शेवटी शब्द होता तिथेच राहिला आणि तुम्ही एकमेकांचं अभिनंदन केलंत.

यावर माझं पुढचं सदर तयार होतं. मथळासुद्धा झाला होता. मग तुझं ते वाक्य मध्ये आलं: "ठराव कुणाला घर परत देत नाही, भाऊ. पण नाव यादीतून जाऊ देत नाही." सदर तिथेच अडकलं. टीव्हीवर रोज तंबूंच्या रांगा दिसतात. तुझी कोकिळावहिनी जेवताना आवाज बंद करते, चित्र चालू ठेवते. का, ते मी तिला विचारलेलं नाही.

आणि ती तुझी अम्मानची बाई. छावणीच्या कार्डावर तिचं नाव आहे, पण तिने लग्न बाहेरच्याशी केलं म्हणून पोरांची नावं नाहीत, कारण तिकडे नोंद बापाकडून उतरते. आणि तिने कार्डाच्या पाठीमागे तिन्ही पोरांची नावं पेन्सिलीने लिहून ठेवलेली. मी कोकिळेला म्हटलं, "बघ, संयुक्त राष्ट्रांचं ऑफिससुद्धा आमच्या भाऊबंदकीतल्या हिलाल काकांच्याच सल्ल्याने चालतं!" आणि हसलो.

कोकिळा हसली नाही.

मायचं काय कळवू?

— भाऊ


धुळे, १९ जानेवारी २०२५

चारू,

एवढं मोठं पाकीट, परदेशी तिकीट, आणि आत एक ओळ: "त्या वर्षी यादी कोणी लिहिली होती?"

इकडे थंडी बरी आहे. मध्ये एका लग्नासाठी भुसावळला जाऊन आलो. गाडी तीन तास उशिरा. फलाटावर एक गृहस्थ रेल्वेला शिव्या देत होते आणि दर शिवीनंतर "तसं आमचा जावई रेल्वेतच आहे" असं सांगत होते. लग्नात जेवण चांगलं होतं. हरभऱ्यावर घाटे अळी आहे म्हणतात. कोकिळेचा गुडघा तसाच.

यादी नानांनी वाचली होती. तू समोरच होतीस.

— भाऊ


धुळे, १६ मार्च २०२५

चारू,

तू काहीच लिहिलं नाहीस, तरी मी कामाला लागलो आहे. अहवाल सादर करतो.

काल हिलाल काकांकडे गेलो. मोहिनीसाठी: हिलाल काका म्हणजे नानांचे चुलतभाऊ, वय एकोणऐंशी, घराण्याच्या धाकट्या पातीचे प्रमुख, पूर्वी आमच्या शिक्षणसंस्थेचे संचालक. आता संचालक नाहीत, पण खुर्चीत बसण्याची पद्धत तीच आहे. मला पाहून म्हणाले, "ये, पत्रकार. आज कोनी मान मोडाले उना?"

मी म्हटलं, "काका, औंदा रोटम्हा चारूनं नाव लेवानं शे. मायनी इच्छा शे."

"आंडेर दिधी म्हनजे दिधी." (मोहिनी, आंडेर म्हणजे लेक.)

"पन ती परत उनी ना, काका."

"उनी ते उनी. घर कोणी बंद करं? ये, बस, जेव. साडी देसूत, नारय देसूत, ओटी भरसूत. पन मूठ नहीं."

"आणि छगन? तो सुरतला जाऊन नऊ वर्षं झाली. बापाच्या दहाव्याला आला नाही. त्याची मूठ दर वर्षी पडते!"

"छगन बापईमानूस शे," काका म्हणाले. त्यांच्या दृष्टीने चर्चेत आता काही शिल्लक उरलं नव्हतं.

बेबाबाई काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि काहीतरी बोलायचं म्हणून तोंड उघडलं. काकांनी बशी वाजवली. त्या आत गेल्या.

तेव्हा प्रस्ताव असा: परतण्याऐवजी भरपाई. साडी, नारळ, ओटी. मला तर तो वाईट वाटला नाही. सुरुवात म्हणून ठीक आहे, असं म्हणतो. तुझ्या धंद्यात याला काय म्हणतात?

घरी येऊन कोकिळेला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "बहिणीसाठी भांडा, जरूर भांडा. चोवीस वर्षं त्या रोटाची कणीक मी मळते. माझी मूठ कोणी मोजली?"

मी म्हटलं, "तू माझ्या मुठीत आहेस ना."

तिने लाटणं थांबवून माझ्या मुठीकडे पाहिलं. हा विषय मी पुढच्या अधिवेशनावर ढकलला आहे.

— भाऊ


धुळे, ८ जून २०२५

चारू,

"भरपाई घ्यायची की परतायचं, हे जाणाऱ्याने ठरवायचं असतं. दारात उभं राहणाऱ्याने नाही." बरं. साडी रद्द. काकांना कळवलं. ते म्हणाले, "मंग बस म्हना न्यूयॉर्कले."

पण तुझ्या पत्रातल्या दुसऱ्या गोष्टीने मला तरतरी आली. ती तुमची मौनाची पद्धत! मसुदा सगळ्यांकडे फिरवायचा, मुदत द्यायची, आणि तोवर कुणी मौन मोडलं नाही तर मंजूर. हात वर करायला नको, कुणाला उघड हो म्हणायला नको. अगं, हे तर आपल्या लोकांसाठीच काढलेलं आहे! आपल्याकडे हो म्हणायला सगळ्यांची जीभ जड. गप्प बसायला काय लागतं?

तू खाली लिहिलं आहेस, "भाऊ, हे तिथे चालतं कारण सगळ्यांनी नियम आधी मान्य केलेला असतो." हो, हो. वाचलं. तरी मी केलंच.

'कानबाई भाऊबंद' नावाचा आपला ग्रुप आहे, त्यावर काल टाकलं:

"समस्त भाऊबंद, सोळा वर्षांपूर्वीच्या विषयाची आठवण ठेवून, आमच्या मातोश्री तानुबाईंचा हात कापू लागला आहे याची चिंतेने नोंद घेऊन, असं ठरवण्यात येत आहे की यंदा रोटाच्या यादीत चि. चारुलता अभिमन हिचं नाव घेतलं जाईल. येत्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत कुणाची हरकत न आल्यास हा ठराव मंजूर समजण्यात येईल."

सगळ्यांनी वाचल्याच्या निळ्या खुणा आल्या. रुपचंदने केळीचा आजचा भाव टाकला. कुणीतरी गुलाबाचं फूल आणि सुप्रभात. हरकत शून्य!

तू आणि मोहिनी ऑगस्टची तिकिटं बघता आहात हे मायला सांगितलं. तिने दोन गोधड्या उन्हात टाकल्या. ऑगस्टला अजून दोन महिने आहेत, असं मी म्हटलं. तर म्हणे, ऊन काय ऑगस्टात राहणार आहे का?

— भाऊ


धुळे, १४ जुलै २०२५

चारू,

तुझी रजा रद्द झाल्याचं मोहिनीच्या पत्रातून कळलं. तुझ्या लेकीचं मराठी अक्षर चांगलं आहे, तुझ्यापेक्षा. जूनमधली ती मोठी परिषद युद्धामुळे पुढे गेली आणि नेमकी जुलैच्या शेवटच्या आठवड्यात येऊन बसली. आणि मसुद्यात निर्वासितांचा परिच्छेद तुझ्याकडे आहे म्हणून तुला हलता येत नाही. म्हणजे परतण्याबद्दलच्या परिच्छेदामुळे तुझं परतणं राहिलं. एरवी यावर मी हजार शब्द लिहिले असते. आज हात चालत नाही.

इकडचं सांगतो. मुदतीच्या शुक्रवारी सहा वाजले, कुणी हरकत घेतली नाही, मी ग्रुपवर "मंजूर" लिहिलं आणि मायला पेढा दिला. तिने पेढा हातात धरून ठेवला. "कोनी काय बोलनं?" म्हणाली.

"कुणीच काही बोललं नाही माय. तेच तर!"

"गप बठनात म्हनजे रुसनात, भाऊ."

त्यानंतर मी तीन घरी गेलो. तिन्ही ठिकाणी माणसं नुकतीच बाहेर गेलेली होती. एका ठिकाणी तर चपला दारात आणि माणूस बाहेर! तुमच्याकडे मौन म्हणजे संमती. आमच्याकडे मौन म्हणजे काय, हे बावन्न वर्षं या भाऊबंदकीत काढून मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक असूनही मी ते सोयीस्कर विसरलो. सोयीस्कर विसरण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तेव्हा आता ते. तू येणार असतीस तर तोंडी सांगितलं असतं असं लिहिणार होतो. खोटं आहे. तू येणार होतीस म्हणून मला गेले पंधरा दिवस झोप नव्हती.

यादी मी लिहिली होती.

सोळा वर्षांपूर्वीच्या त्या शुक्रवारी सकाळी नाना आंघोळ करून आले आणि वही माझ्यापुढे टाकली. म्हणाले, "यादी तू लिही. चारूचं नाव लिहायचं का, तू ठरव. तू शिकलेला आहेस, पेपरात लिहितोस. तू लिहिशील ते मी वाचीन, कोण उठून जातो ते बघू." हे त्यांचे शब्द. मोठ्या आवाजात म्हणाले, शेजारी मायही होती. नाना तयार होते, चारू. नानांना फक्त कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं.

मी नावं लिहीत गेलो. माझ्या नावापाशी आलो. त्याखाली तुझं यायचं. त्याच महिन्यात माझी कायम नेमणूक संस्थेपुढे होती आणि हिलाल काका संचालक होते. त्यांनी मला काही म्हटलं नव्हतं. म्हणावं लागलंच नाही. मी माझ्या नावाखाली रुपचंदचं नाव लिहिलं आणि वही नानांना दिली. त्यांनी वाचली. माझ्या नावानंतर माय गव्हात हात घालून थांबली. नानांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, मग पुढचं नाव घेतलं. मरेपर्यंत त्यांनी तो विषय काढला नाही. तू त्यांना दोष देतेस असं समजून मी सोळा वर्षं तुझा गैरसमज दूर केला नाही. नाना गेल्यावर तर नाहीच.

त्यानंतर मी आमदारांच्या भित्रेपणावर लिहिलं, साहेबांच्या लाचारीवर लिहिलं, लेखकांच्या गप्प बसण्यावर तर तीन भाग लिहिले. पोटभर टाळ्या घेतल्या. नोकरी कायम झाली.

आणखी एक. यादी लिहायला माझ्याजवळ पेन नव्हतं. तुझ्या पर्समधून तुझं काढलं, जांभळ्या शाईचं. परत द्यायचं राहिलं. म्हणजे दिलं नाही. हे पत्र त्याच पेनाने लिहितो आहे. आधीचीही त्यानेच.

— प्रेमराज


धुळे, ५ ऑगस्ट २०२५

चारू,

शनिवारी सकाळी तू मला अनब्लॉक केलंस आणि पहिला मेसेज आला तेव्हा मी पिंपळनेरच्या चौकात उसाचा रस पीत होतो. तो तसाच राहिला. "यादी मी तेव्हाच पाहिली होती. अक्षर तुझं, शाई माझी. म्हणून तर नानांना दर रविवारी फोन करत राहिले. तुला नाही."

नानांनी हे मला कधी सांगितलं नाही. दर रविवारी ते मागच्या अंगणात जाऊन तासभर "हवा खात." बरं.

आता बाकीचं क्रमाने सांगतो.

मोजणी शुक्रवारी. ओट्यावर मी, माय, कोकिळा आणि आमचा तेजस. बाकी कुणी आलं नाही. दर वर्षी पंचवीस-तीस माणसं असतात. गव्हाची रास, तांब्याची परात, आणि समोर रिकामी सतरंजी. तेजस म्हणाला, "पप्पा, कोरम नाही."

मी एकतीसच्या एकतीस नावं घेतली. रुसलेल्यांची घेतली. छगनचं घेतलं. त्यांनी मौन राखलं तर राखू दे, नाव का सोडायचं? हे तुझ्याकडून शिकलो. माझ्या नावानंतर नानांचं नाव लावून "चारुलता अभिमन" म्हटलं. मग वही खाली ठेवून पुन्हा म्हटलं.

मायने हात घातला. मूठ बाहेर काढताना हात इतका कापला की निम्मे गहू परत राशीत पडले. कोकिळा पुढे झाली, तिला मायने कोपराने मागे सारलं. पुन्हा भरली. परातीत सोडली. वर पाव मूठ. मग मी पुढचं नाव घेणार, तर हात परत आत.

"आते ही कोनी, माय?"

"तिनी पोर शे ना?"

यादीत मोहिनीचं नाव नव्हतं. मूठ आधी पडली, नाव मी नंतर लिहिलं. तुझ्या महासभेत अशी तरतूद आहे का बघ.

गिरणीवाल्याने चक्की झाडूनपुसून घेतली, कानबाईचं दळण म्हणून सगळ्यांत आधी लावलं. पीठ घरी आलं. आणि रविवारी, चारू, कुणीही आलं नाही. पूजा झाली, आरती झाली, कोकिळेने आणि मायने रोट भाजले. तेहतीस मुठींचे रोट आणि खाणारे चौघे. कोकिळा म्हणाली, "आता बोलवा तुमच्या मौनाला जेवायला." पौर्णिमा शनिवारी. रोट उरला तर त्या एकतीस नावांवर काय येईल, यावर माझा विश्वास नाही असं मी वीस वेळा लिहिलेलं आहे. तरी दर तासाला मी रोट मोजत होतो.

सोमवारी विसर्जन करून आलो. पाय धुतो आहे, तर दारात हिलाल काका. पांढरी टोपी, हातात काठी, मागे बेबाबाई काकू. आत येईनात. उंबऱ्याशी उभे.

"मन्ही मूठ टाकी का?"

"टाकी ना, काका. बठ्ठास्नी टाकी." खरंच कुणाचीच सोडली नव्हती.

"माले इचारं का?"

"ग्रुपवर इचारं होतं. तुम्ही गप होतात."

काकांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, "रोट टाकी देता येस नहीं. मन्ही मूठ शे त्याम्हा, माले खाना पडी. पन आंडेरनी मूठ येगयी काढ. मंग खासू."

मी म्हटलं, "काका, दयेल पीठमाईन तिनी मूठ येगयी काढी दखाडा. तुम्ही दखाडा, मी काढस."

दळलेल्या पिठातून एक मूठ वेगळी काढायची, या कल्पनेनेच बेबाबाई काकू मागून फिसकन हसल्या. पदर तोंडावर घेतला, पण हसू आलं ते आलं. मग त्या काकांना ओलांडून सरळ आत आल्या, मायशेजारी बसल्या आणि रोट तोडला. माझ्या आठवणीत त्या काकांच्या आधी कधी जेवलेल्या नाहीत.

काका मग बसले. भिंतीकडे तोंड करून. एक घास, दुसरा घास. "भाजीले मीठ कमी शे," म्हणाले. आणि पान संपल्यावर, "वहीम्हा लिख. हिलालले हाई मान्य नहीं."

मी त्यांच्या समोर वही उघडून लिहिलं: "श्री. हिलाल यांनी खेदाने नोंद घेतली." त्यांनी चष्मा लावून वाचलं, मान हलवली. समाधान झालं. मला वाटतं तुझ्या त्या दोन प्रतिनिधींना कॉफीला नेण्याऐवजी तू रोट खाऊ घालायला हवा होतास.

संध्याकाळपर्यंत काकूंच्या दोन्ही सुना आल्या, मग हिलाल काकांचा धाकटा आला. रुपचंदकडून कुणी आलं नाही. बहुधा येणारही नाही. पुढच्या वर्षी काय होईल सांगता येत नाही, मायचा हात तर खरंच संपला आहे. पण वहीत दोन नावं आहेत आणि ती जांभळ्या शाईत आहेत. उरलेला रोट आम्ही पौर्णिमेपर्यंत खाणार. कोकिळेने वही मागून घेतली आणि कुठे ठेवली ते सांगत नाही. म्हणाली, पुढच्या अधिवेशनात काढेन.

तुझ्या परिषदेत परिच्छेद राहिला ना? पेपरात फक्त मोठ्या माणसांचे फोटो आहेत.

ता. क. हे पोस्टातच काउंटरवर उभ्याने लिहितो आहे, दोरीला बांधलेल्या बॉलपेनने, कारण तुझं पेन तुला पाठवायच्या खोक्यात गेलं. आग्रा रोडवरच्या म्हाताऱ्या पेनवाल्याकडून गळणं बंद करून घेतलं. निब तीच ठेवली आहे.

काउंटरवरच्या बाई परदेशी टपालाचा फॉर्म भरत होत्या. "वस्तू, पेन एक. भेट म्हणून लिहू ना, सर?"

खाली चौकटी होत्या. मी चष्मा पुसून वाचल्या.

"नाही," म्हटलं. "ते खालचं. 'परत केलेली वस्तू.' तिथे खूण करा."

त्यांनी केली. मग पर्समधून स्वतःची डिंकाची ट्यूब काढून माझ्याकडे सरकवली.

— भाऊ